धोटेकाकांची सातवी फेरी

तुम्ही शेवटची सही कशावर केलीत? हजेरीपटावर, तपासणीच्या कागदावर, सोसायटीच्या ठरावावर, की एखाद्या निवेदनाखाली? आणि खरं सांगा, सहीच्या वर जे लिहिलं होतं ते तुम्ही जाऊन पाहिलं होतं का?

मला हा प्रश्न पहिल्यांदा एका सदुसष्ट वर्षांच्या माणसानं विचारला, तोही हातात व्हिडिओ गेम धरून. मी भयंकर चिडले होते. आज तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते आहे. तुम्ही चिडलात तर मला त्याचं नवल वाटणार नाही.

मुरलीधर धोटे नंदनवन वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. शहराबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी बॉयलर सांभाळण्यात आयुष्य काढलं. तो कारखाना आता उरलेला नाही. निवृत्त माणसं चपला घालून घरात फिरतात, धोटेकाका घरातही बूट घालत. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि सहा इंचाची लोखंडी पट्टी. बसायला प्लास्टिकची खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर लांबलचक लॉगबुक. कारखान्यात दर तासाला मीटर पाहून आकडे लिहायची ती वही. कारखाना गेला, पण काकांनी तसल्याच वह्या बांधून घेतल्या होत्या आणि त्यांत ते गेमचे आकडे लिहीत.

गेम त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा. नोकरीसाठी हैदराबादला जाताना ती तो टेबलाच्या खणात विसरली. सेल गळून यंत्र खराब होऊ नये म्हणून काकांनी तो उघडला. यंत्र बरं आहे का हे चालवल्याशिवाय कळत नाही, म्हणून चालवला. आणि मग बंदच केला नाही.

तो खेळ तुम्ही पाहिला असेल. गवतातून, गुहांतून चित्रविचित्र प्राणी भेटतात, त्यांना पकडायचं, वाढवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. गावोगावी एकेक बलाढ्य खेळाडू बसलेला असतो. सगळ्यांना हरवत गेलं की शेवटी चार मोठे आणि त्यांच्याही वरचा एक. काकांनी या सगळ्याला आपली नावं दिली होती. गावोगावचे ते आखाडे, त्यांत बसलेले ते वस्ताद, शेवटचा तो थोरला वस्ताद, आणि प्राणी म्हणजे सरळ जनावरं.

खेळ तसा सोपा आहे, दहा वर्षांची मुलं जिंकतात. पण काकांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं स्वतःसाठी अटी लिहिल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी जे जनावर पहिल्यांदा भेटेल तेवढंच धरायचं, आवडो न आवडो. प्रत्येकाला नाव द्यायचं. लढाई चालू असताना दवा द्यायची नाही. वस्तादाच्या सगळ्यात जड जनावरापेक्षा आपलं जनावर जड होऊ द्यायचं नाही. जे जनावर एकदा पडलं ते गेलं, त्याला रानात सोडून द्यायचं, मग ते कितीही लाडकं असो. आणि शेवटची अट दोनदा अधोरेखित होती: चूक झाली म्हणून यंत्र बंद करून मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करायचं नाही.

खाली तारीख आणि सही.

“काका, हे कोण तपासणार आहे?” मी विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग सही कोणासाठी?”

“ज्याची तपासणी होते, त्याले सही नसली तरी चालते वं,” ते म्हणाले.

अशा अटी घालून खेळणारे जगभर आहेत, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. ते म्हणाले, “मंग त्यायले बी काहीतरी सलत असंन.”

मी तेव्हा हसले.

आता माझ्याबद्दल लागेल तेवढंच. आमच्या घरी पत्रकं वाचायला येत नसत, ती आमच्याच घरात तयार होत. माझे बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे, आई मजकूर तपासायची, मी घड्या घालायची. अक्षरओळख मला ‘जाहीर निषेध’पासून झाली. विशीत मी स्वतः लिहू लागले आणि जगातल्या प्रत्येक रिकाम्या बसलेल्या माणसाचा मला राग येऊ लागला. त्या यादीत धोटेकाका बरेच वर होते. एकदा जिन्यात ते गेम हातात घेऊन दिसले, तेव्हा मी त्यांना ऐकवलंच, “काका, बाहेर एवढं सगळं जळून राहिलं आणि तुम्ही कासव लढवून राहिले?”

त्यांनी माझ्या हातातलं ताजं पत्रक घेतलं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून, मान हळूहळू फिरवत वाचलं. जवळच्या एका वस्तीत अकरा दिवस नळाला पाण्याचा थेंब नाही, असं मी त्यात लिहिलं होतं.

“लिहिलं चांगलं आहे. जाऊन पाह्यलं का?”

“तिथल्याच एकानं सांगितलंय.”

“मी ते नाही विचारलं. तू गेली होती का?”

मी नव्हते गेले. संतापाच्या भरात मी त्यांनाच स्कूटरवर मागे बसवलं आणि नेलं. वस्तीत नळ चालू होता. चांगला धो धो चालू होता, आणि पाणी चहासारखं लाल येत होतं. एका बाईनं आम्हाला बादलीच्या तळाशी बसलेला गाळ बोटानं काढून दाखवला. “पाणी नाही असं कोणी लिहिलं? आहे ना! हेच तर पिऊन राहिलो!” ती म्हणाली. तिच्या मांडीवरचं मूल जुलाबानं सुकलेलं होतं.

परत येताना काका मागून एवढंच म्हणाले, “तुह्या खोट्यापेक्षा खरं जास्त वाईट होतं. पाहून आली असती तर जोरात लिहिता आलं असतं.”

मी चारशे पत्रकं हातानं दुरुस्त केली. काकांच्या बायकोनं, शोभाकाकूंनी, निम्मी केली. त्या दिवसापासून काका मला ‘पत्रकवाली’ म्हणू लागले आणि मी वर जाऊ लागले.

वर जायला आणखी एक कारण होतं. काकांना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांचं कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं उरलं होतं. “नळीतून पाह्यल्यासारखं दिसते,” ते म्हणायचे. थेंब घालून वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातले बारीक आकडे त्यांना दिसेनासे झाले होते आणि खेळाचा सगळा जीव त्या कोपऱ्यातच असतो. प्रत्येक जनावरात किती दम उरला, ते तिथे लिहिलेलं येतं.

सहा फेऱ्या हरून झाल्या होत्या. सातवी चालू होती.

“एक फेरी,” एकदा डोळ्यांत थेंब घालून, मान वर करून बसले असताना ते म्हणाले. “फक्त एक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक बी खोटा आकडा नाही. हे भोक बुजायच्या आधी मले तेवढं पाह्याचं आहे.”

म्हणून मी आकडे वाचायला बसू लागले. त्यांची लढाईची आखणी पाहणं हे एक शिक्षण होतं. लढाई दहा मिनिटांची, आखणी दोन दिवसांची. पट्टीनं रेघा मारून ते रकाने पाडत: वस्तादाचं जनावर कोणतं, ते काय करू शकतं, सगळ्यात वाईट काय करेल. या खेळात अधूनमधून एखादा घाव दुप्पट बसतो, नशिबाचा भाग. बाकीचे लोक तो बसू नये म्हणून देवाचं नाव घेतात. काका तो बसणारच असं धरून चालत.

“दुप्पट लागला तरी उभा राह्यते का? राह्यते तर पाठवायचा. नाही राह्यत तर तो कितीबी मारणारा असो, बसवून ठेवायचा.”

“पण दुप्पट कधीतरीच लागतो ना, काका.”

“त्या कधीतरीच्याच दिवशी माणूस जाते.”

त्यांचा मुख्य आधार होता भोंगा. पाण्यात राहणारं, कासवासारखं, जाड पाठीचं मंद जनावर. कारखान्याचा भोंगा जसा काही झालं तरी वेळेवर वाजायचा, तसा हा काही झालं तरी उभा राहतो, म्हणून ते नाव. आग ओकणारी ती फुंकणी. चिडका लाल पक्षी तो तर्री. दगडाचं जनावर, पाटा. भोंग्यानं घाव झेलायचे, बाकीच्यांनी मारायचं, हे त्यांचं साधं गणित.

आणि लढाईच्या आधी चार्ज दिला जायचा. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्रांची स्थिती मोठ्यानं सांगतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. काका प्रत्येक लढाईआधी उभे राहून शोभाकाकूंना चार्ज द्यायचे. काकू भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या असत.

“भोंगा एकशे चौसष्ट, तब्येत ठीक. फुंकणी एकशे बारा, तब्येत ठीक. तर्री एकशे आठ, पंखाले थोडं लागलं आहे. पाटा एकशे तीस. दवा पिशवीत. हे सगळं मी डोळ्यानं पाह्यलं.”

“घेतला चार्ज,” काकू शेंगांवरून नजर न उचलता म्हणत. “आता गिरणीतून दळण आणता, का भोंग्याले पाठवू?”

डोळे अधू झाल्यावर एक बदल झाला. आकडे मी पाहायचे, म्हणून चार्जही मीच द्यायचा. “जो पाहीन, त्यानं सांगावं,” काकांचा नियम.

शेवटचा टप्पा एका रविवारी सकाळी सुरू झाला. मे महिना, कूलरचा घरघराट, खिडक्यांना ओले पडदे. चार मोठे वस्ताद आणि मग थोरला, सगळे ओळीनं. एकदा आत गेलं की बाहेर येता येत नाही, दोन लढायांच्या मध्ये पिशवीतली दवा तेवढी देता येते. काकांनी सगळं लिहून ठेवलं होतं. चार जनावरं उरली होती. सहा फेऱ्यांमध्ये ते इथवर कधीच आले नव्हते.

पहिला वस्ताद आखल्याप्रमाणे गेला. दुसऱ्यानं दुप्पट घाव घातला, भोंगा उभा राहिला, काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, “लिहिलं होतं का नाही?” तिसरा वस्ताद विषाचा. त्याच्या शेवटच्या जनावरानं भोंग्याला विष चढवलं. भोंग्यानं त्याला पाडलं. काका लगेच खाली मान घालून वहीत लिहू लागले. आणि ते लिहीत असताना, त्याच दमात, विषानं भोंग्याचा उरलेला दम संपला. कोपऱ्यातला आकडा शून्य झाला. पडताना जनावर ओरडतं, पण कूलरच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं.

“भोंगा किती?” काकांनी विचारलं. पेन कागदावर टेकलेलं.

“नऊ,” मी म्हणाले.

का म्हणाले? मी याचं उत्तर पुष्कळदा शोधलं आहे. त्यांचे डोळे जात होते. दोन पावलं राहिली होती. यात कोणाचं काय नुकसान होणार होतं? सगळी खोटी कागदपत्रं याच मायेतून लिहिली जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांनी नऊ लिहिले. दवा देण्यासाठी यंत्र माझ्या हातात दिलं, कारण पिशवीतली अक्षरं बारीक असतात. पडलेल्याला उठवायची एक दवा असते, वाटेत सापडलेली, त्यांच्या अटींमुळे कधीच न वापरलेली. मी ती वापरली. भोंगा पुन्हा उभा.

“दे चार्ज,” काका म्हणाले.

मी उभी राहिले. काकू शेंगा सोलत होत्या. “फुंकणी एकशे बारा, तब्येत ठीक. तर्री शंभर. पाटा एकशे एकोणीस. भोंगा एकशे चौसष्ट, तब्येत... ठीक. दवा पिशवीत.”

आणि पुढचं वाक्य मला येईना.

काकूंचा हात थांबला. या सगळ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. “पुढचं म्हण ना वं,” त्या म्हणाल्या. “त्याच्याशिवाय मी चार्ज घेत नाही.”

“काका, नऊ नव्हते,” मी म्हणाले. “शून्य होता. मी उठवला त्याला.”

मला वाटलं ते ओरडतील. मी ओरडले असते. त्यांनी वही जवळ ओढली, पट्टी ठेवली, नऊवर लाल पेनानं एकच रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. वर शून्य लिहिलं. बाजूला सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. “तू बी कर. खोडायचं नसते, गिरवायचं नसते. चूक दिसली पाह्यजे.”

मी सही केली.

“काहून केलं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तुम्ही जिंकावं म्हणून.”

“हाव, समजलं,” ते म्हणाले, आणि यंत्र बाजूला ठेवून त्यांनी मला लक्ष्मणची गोष्ट सांगितली.

कारखान्यात दर तासाला बॉयलर हाऊसच्या मागे जाऊन पाण्याच्या पंपाची गरमी पाहावी लागे. वर्षानुवर्षं ती बासष्ट अंशच असायची. म्हणून सगळेच अटेंडंट साडेतीनलाच चारचाही आकडा लिहून मोकळे व्हायचे. त्या दिवशी काकांनीही लिहिला. बासष्ट. आणि चहा प्यायला बसले. चारच्या सुमारास पंप तापून अडकला, उकळतं पाणी उडालं आणि खाली सफाई करणाऱ्या लक्ष्मणचा उजवा हात भाजला. लक्ष्मण पारशिवनीकडचा, चाळिशीचा, ठेक्यावरचा. चौकशीत लॉगबुक आलं. चारला बासष्ट, सगळं ठीक. मग चूक लक्ष्मणचीच, त्यानंच व्हॉल्व्हला हात लावला असेल. त्याला काढून टाकलं.

“मी तीन आठवडे चूप होतो,” काका म्हणाले. “मंग जाऊन सांगितलं. मले जे व्हायचं ते झालं, मी भोगलं. त्याले परत बोलावलं, पण तो आला नाही. मी त्याच्या गावी गेलो. त्यानं काही म्हटलं नाही वं. चहा दिला. त्याच हातानं दिला.”

कूलर घरघरत होता. काकू उठून आत गेल्या. त्यांना ही गोष्ट पाठ असावी.

“तो बासष्ट बी कोणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हता लिहिला,” ते म्हणाले. मग त्यांनी बूट नीट केले, खुर्ची पुढे ओढली. “भोंगा सेवेतून बाद. कोपऱ्यात बसंन, लढणार नाही. बाहेर निघालो का सोडून देऊ. आता तिघांत कसं होते ते पाहू. पान पलट.”

आखणी सगळी भोंग्यावर उभी होती. ती त्यांनी पहिल्या रेघेपासून पुन्हा मांडली. दुप्पट घाव झेलणारा आता कोणीच नव्हता. मी दोनदा म्हटलं की राहू द्या, काका. त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. काकूंनी ताटं आणली, ती तशीच निवली. दुपारी तीनला त्यांनी पेन खाली ठेवलं. मी चार्ज दिला, यावेळी शेवटच्या वाक्यासकट, आणि काकूंनी घेतला.

चौथा वस्ताद पडला, पाटा घेऊन. थोरल्या वस्तादासमोर तर्री आणि फुंकणी. तर्रीनं त्याची तीन जनावरं पाडली आणि मग तो गेला. फुंकणीनं आणखी दोन. वस्तादाचं शेवटचं जनावर, त्याच्यात अगदी थोडा दम, आणि फुंकणीत सतरा. काकांनी यंत्र वीतभर अंतरावर धरलं होतं.

“किती?”

“सतरा.” मी पुन्हा पाहिलं. “सतरा.”

वस्तादाचा घाव दुप्पट बसला.

“किती?”

“शून्य,” मी म्हणाले. आयुष्यात मी इतकं अवघड काहीच वाचलेलं नाही, आणि मी पुष्कळ कडक मजकूर वाचला आहे.

त्यांनी लिहिलं. मग खाली निळ्या पेनानं एक ओळ: ‘सातवी फेरी संपली. वस्ताद चांगला होता. आकडे सगळे खरे.’ सही. पट्टी पुसून खिशात ठेवली. “पत्रकवाली, नवी वही त्या खणात आहे. पहिलं पान तू लिही, मले रेघ सरळ दिसत नाही आता. अटी त्याच.”

“काका, डोळे...”

“डोळे माहे आहेत ना? आकडा तर यंत्राचा आहे. कोणीतरी खरा सांगितला म्हणजे झालं.”

पुढे मी कामासाठी दुसऱ्या भागात राहायला गेले. दिवाळीआधी एका दुपारी फराळाचा डबा घेऊन जिना चढले. दार अर्धं उघडं होतं. काका खुर्चीत, बूट घातलेले, चेहरा भिंतीकडे, मांडीवर उघडी वही. ते लिहीत नव्हते, ऐकत होते. यंत्र काकूंच्या हातात होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्यात डोकावत होत्या.

“दुसऱ्या आखाड्याचा आहे हा, सांभाळून,” काका म्हणाले. “नवी फुंकणी किती?”

“एकतीस.” मग काकूंनी चष्मा खाली ओढला. “थांबा हो. पुन्हा पाहते.”

काका थांबले. मीही दाराबाहेर थांबले. त्या किती वेळ पाहत होत्या कोण जाणे.

“एकवीस,” त्या म्हणाल्या. “एकवीसच आहेत.”

“लिही,” काका म्हणाले आणि वही काकूंपुढे धरली.

डबा उंबऱ्यावर ठेवून मी खाली आले. पुढच्या महिन्यात ते दोघं मुलीकडे हैदराबादला गेले. आठव्या फेरीचं काय झालं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर खरा आकडाच मिळेल, एवढं मला माहीत आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्यासमोर उद्या जो कागद सहीसाठी येईल, त्यातली एक गोष्ट, एकच, उठून जाऊन स्वतः पाहा आणि मगच सही करा. आणि मागे कुठे तुम्ही न पाहता लिहिलेला बासष्ट पडलेला असेल, तर तो शोधून काढा. खोडू नका, गिरवू नका. त्यावर एक सरळ रेघ मारा, वर खरं लिहा आणि शेजारी तुमची सही करा. त्या आकड्यामुळे कोणाचा हात भाजला असेल तर त्या माणसाच्या दारी जा. तो चहा देईल. त्याच्याकडे पाहत प्या.